संगणकाचा परकायाप्रवेश

हल्लीं सुशिक्षित घरांतून नवा संगणक विकत घेण्याची जी लगबग दिसून येते, तिच्या मुळाशीं एक निश्चित तारीख आहे. विंडोज १० या घरोघर रूढ झालेल्या प्रणालीची नेहमींची डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. तिच्या मागून, म्हणजे २०२१ च्या ऑक्टोबरांत, आलेली विंडोज ११ जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांचा अंगीकार करीत नाहीं. कारण टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय यंत्राच्या अंगींच असावी अशी तिची अट आहे. तेव्हां दहा-बारा वर्षें इमानानें राबलेलें यंत्र अडगळींत जातें आणि त्याच्या जागीं नवें येऊन बसतें. अशा वेळीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून एक प्रश्न हटकून निघतो: "जुन्यांतलें सगळें जसेंच्या तसें यांत येईल ना?" दुकानदार मान डोलावतो. त्या मान डोलावण्यांत किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, त्यांपैकीं कोणत्या सुकर, कोणत्या दुष्कर आणि कोणत्या अजीबात अशक्य, याची फोड करून सांगण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

प्रथम 'सगळें' या शब्दाचा अर्थ ठरविला पाहिजे. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड नेतांना आपण भांडीं, कपडे, ग्रंथ, देव बरोबर घेतों. घर तेथेंच राहतें. संगणकांतील पत्रें, छायाचित्रें, हिशेब हें बिऱ्हाड होय. तें बाहेरच्या एखाद्या डिस्कवर उतरवून नव्या यंत्रांत नेऊन ठेवणें हें मराठी चौथींतल्या मुलासही साधेल. परंतु प्रश्न विचारणाराच्या मनांत बहुधा बिऱ्हाड नसून घरच असतें. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यांतलें तें चित्र, त्यावर टिचकी मारली कीं उघडणारा तो प्रोग्रॅम, त्यांत आपोआप येणारा तो फाँट, प्रिंटरची जोडणी, वर्षानुवर्षांच्या सवयी, हें सारें मिळून त्याचें 'सगळें' झालेलें असतें. तें फाइलींच्या नकलेनें येत नाहीं. त्यासाठीं जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती मूळ प्रणाली, तिच्यावर बसविलेल्या यच्चयावत् प्रोग्रॅमांसह, एका डिस्कवरून उचलून दुसरीवर न्यावी लागते.

कोणी म्हणेल, सी ड्राइव्हमधील सर्व फोल्डर कॉपी केले आणि नव्या डिस्कवर पेस्ट केले, कीं झालें. तसें होत नाहीं. विंडोज चालू असतांना तिच्या कित्येक फाइली तिनें स्वतः मुठींत धरून ठेवलेल्या असतात. रजिस्ट्री नांवाची जी मोठी वही, जींत प्रत्येक प्रोग्रॅमची, प्रत्येक उपकरणाची आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद असते, ती त्यांतलीच. कोणती फाइल कोणीं वाचावी व कोणीं बदलावी याचे अधिकारही साध्या नकलेंत गळून पडतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, यंत्र सुरू होतांना ज्या मजकुराकडे तें सर्वांआधीं पाहतें, तो मजकूर सी ड्राइव्हमध्यें मुळीं नसतोच. म्हणून प्रणाली निजलेली असतांना, पेनड्राइव्हवरून दुसरीच एक लहानशी प्रणाली सुरू करून, तिच्या हातून सबंध डिस्क उतरून घ्यावी लागते. या नकलेस क्लोन म्हणतात.

या कामाचें एक नांवाजलेलें साधन १९९५ सालीं न्यूझीलंडांत निघालें. त्याचें नांव घोस्ट, म्हणजे भूत! १९९८ मध्यें सिमँटेक कंपनीनें तें विकत घेतलें आणि नंतर कित्येक वर्षें शाळा-कचेऱ्यांतील शेंकडों यंत्रें त्याच्याच साहाय्यानें एका ठशाचीं बनविलीं जात. आज तैवानांत सिद्ध झालेलें क्लोनझिला हें साधन कोणासही फुकट मिळतें. भूत हें नांव मात्र आम्हांस तितकेंसें पसंत नाहीं. एका देहांतील जीव दुसऱ्या देहांत नेण्याच्या क्रियेस आपल्याकडे परकायाप्रवेश असा सुंदर शब्द असतांना भुताखेतांचें काय काम? श्रीशंकराचार्यांची आख्यायिका वाचकांस ठाऊक असेलच. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीशीं वाद चालला असतां आचार्यांनीं मुदत मागून घेतली, स्वतःचा देह एका गुहेंत शिष्यांच्या स्वाधीन केला आणि नुकत्याच निधन पावलेल्या अमरुक राजाच्या शरीरांत ते शिरले. राजाचे मंत्री चतुर होते. आपल्या धन्याच्या देहांत दुसराच कोणी वावरत आहे हें त्यांनीं ओळखलें, आणि राज्यांत जेथें जेथें प्रेत सांपडेल तेथें तेथें तें जाळून टाकावें अशी आज्ञा सोडली. आचार्य परतले ते मूळ देहास अग्नि लागतां लागतां! या कथेची ऐतिहासिक सत्यता विद्वान् पाहोत. आमच्या कामापुरती ती फार उपयोगी आहे. नवा देह परक्या जीवास ओळखीत नाहीं, त्याचे द्वारपाल संशयी असतात, आणि काम तडीस जाईपर्यंत जुना देह जाळूं देऊन चालत नाहीं, या तिन्ही गोष्टी तींत आल्या आहेत.

आधीं दाराची गोष्ट. आयबीएम कंपनीनें १९८३ सालीं आपल्या घरगुती संगणकास जेव्हां प्रथम हार्ड डिस्क बसविली, तेव्हां ती अवघ्या १० मेगाबाइटांची होती. त्या काळीं अशी रीत पडली कीं डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांत सर्व मर्म सांठवावें: ४४६ बाइट प्रणालीस जागें करणाऱ्या आज्ञा, ६४ बाइट डिस्कच्या विभागांचा तक्ता, आणि उरलेले दोन बाइट खुणेचे. या रचनेस एमबीआर म्हणतात. तक्त्यांत चारच मुख्य विभाग मावत आणि डिस्क सुमारें २ टेराबाइटांपलीकडे गेली कीं तिचा हिशेब खुंटे. पुढें यंत्रास जागें करण्याची एक नवी पद्धति निघाली. २००५ पासून अनेक कंपन्यांचें एक मंडळ यूईएफआय या नांवानें तिचे नियम ठरवीत आलें आहे. तींत विभागांचा तक्ता जीपीटी नांवाचा असून त्याची एक प्रत डिस्कच्या आरंभीं व दुसरी अगदीं शेवटीं ठेवलेली असते. पहिली बिघडली तर दुसरीवरून ती सुधारतां यावी, ही योजना. प्रणालीस जागें करणाऱ्या फाइली या पद्धतींत एका वेगळ्या लहान विभागांत असतात. आणि कोणत्या डिस्कवरील कोणती फाइल उघडावयाची याची चिठ्ठी यंत्र आपल्या मदरबोर्डावरील स्मृतींत जपून ठेवतें, डिस्कवर नव्हे.

वरील शेवटचें वाक्य वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावें अशी विनंति आहे. डिस्क अक्षरशः तंतोतंत उतरली, तिच्यांत एका बिंदूचाही फरक नाहीं, तरीही नव्या यंत्रांत ती बसविल्यावर "सुरू करण्याजोगें कांहीं सांपडत नाहीं" असा संदेश पडद्यावर येतो आणि मंडळी हवालदिल होतात, याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. चिठ्ठी जुन्या मदरबोर्डावर राहिली! अशा प्रसंगीं एका ठराविक नांवाच्या फोल्डरांत ठराविक नांवाची फाइल शोधण्याची मुभा यूईएफआयनें यंत्रास दिलेली आहे, आणि ती नसेल तर विंडोजच्या दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून चिठ्ठी नव्यानें लिहितां येते. परंतु मूळ डिस्क जुन्या एमबीआर रचनेची आणि नवें यंत्र फक्त यूईएफआय जाणणारें असेल, तर नुसती चिठ्ठी पुरत नाहीं. दाराची चौकटच बदलावी लागते. हें कसें करावें तें आमच्या घरचेंच उदाहरण घेऊन सांगतों.

आमच्या थोरल्या बंधूंनीं निवृत्तीनंतर अकरा वर्षें खपून घराण्याचा कुलवृत्तान्त तयार केला. कोंकणांतील मूळ गांवापासून इंदूर, बडोदें, नागपूर आणि आतां अमेरिकेपर्यंत पांगलेल्या शाखा, प्रत्येकीची वंशावळ, जन्ममृत्यूच्या तिथि, जुन्या पत्रांच्या नकला असें तें काम आहे. बंधू निवर्तल्यास तीन वर्षें झालीं. त्यांच्या पश्चात् वहिनी रोज दुपारीं तासभर त्याच संगणकापुढें बसतात आणि कोठें मुंज, लग्न किंवा बारसें झाल्याचें पत्र किंवा फोन आला कीं तेवढी ओळ त्यांत भरतात. त्यांचें वय ७४ आहे. फाइलीचें नांव काय, ती कोणत्या फोल्डरांत आहे, हें त्यांना ठाऊक नाहीं. पडद्यावर कोठें टिचकी मारावयाची आणि मग कोठें, एवढें ठाऊक आहे.

गेल्या हिंवाळ्यांत जुन्या डिस्कमधून अधूनमधून टक् टक् असा आवाज येऊं लागला. पुतण्या बेंगळूरुहून सुट्टीवर आलेला होता. त्यानें नवें यंत्र आणलें आणि म्हणाला, "आई, तुझ्या सगळ्या फाइली मी यांत कॉपी करून देतों. तासाभराचें काम आहे."

वहिनी त्याला कांहीं न बोलतां माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तो म्हणतो तें बरोबर असेल. पण ह्यांनीं जें जिथें ठेवलेंय तें तिथेंच पाहिजे. दुसरीकडे गेलं तर मला सांपडायचं नाहीं, आणि आतां विचारूं कोणाला?"

पुतण्यानें प्रयोगादाखल कुलवृत्तान्ताची एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन नव्या यंत्रावर उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरें, टिंबें, कंस आणि प्रश्नचिन्हें यांचा खच पडला. यांत आश्चर्य करण्याजोगें कांहीं नव्हतें. देवनागरी अक्षरांस जागतिक क्रमांक देणारी यूनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालची असली, आणि विंडोज २००० पासून मंगल नांवाचा देवनागरी फाँट प्रणालीबरोबरच येऊं लागला असला, तरी आपल्याकडील छापखान्यांत व घरांत पुढेंही कित्येक वर्षें निराळ्या जातीचे मराठी फाँट चालू राहिले. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागीं मराठी अक्षराचें चित्र बसविलेलें असतें. तो विशिष्ट फाँट यंत्रांत असेल तरच मराठी दिसतें. नसेल तर खालचें इंग्रजी उघडें पडतें. बंधूंचा टंकलेखनाचा प्रोग्रॅम या जुन्या जातीचा. त्याची मूळ सीडी हरवलेली, आणि तो चालण्यास यूएसबीच्या भोंकांत एक लहानशी किल्ली खोंचलेली असावी लागते. तिला डोंगल म्हणतात. नव्या यंत्रावर तो प्रोग्रॅम पहिल्यापासून बसविणें शक्यच नव्हतें. सबब बिऱ्हाड नव्हे, घरच हलवावयाचें असें ठरलें.

जुनी डिस्क ५०० गिगाबाइटांची, तींतील सुमारें १७० भरलेले. नवी ५१२ ची, एनव्हीएमई जातीची. नवी डिस्क जुनीहून मोठी असल्यास काम सरळ होतें, लहान असल्यास जुनीवरील विभाग आधीं आंखडून घ्यावे लागतात. डिस्क आवाज करूं लागली असतां तिच्यावर अधिक वेळ काम करीत राहणें हें आजारी माणसास चालावयास लावण्यासारखें आहे. म्हणून सर्वांआधीं कुलवृत्तान्ताचा फोल्डर आणि छायाचित्रें बाहेरच्या डिस्कवर काढून ठेविलीं. घर हलवितांना पडलें झडलें तरी बिऱ्हाड शाबूत राहावें. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची टिपणें ठेवीत असते, तीं पाहिलीं. वाचतां न येणारीं क्षेत्रें थोडींच निघालीं, तीं रिकाम्या भागांत होतीं. तीं अधिक असतीं तर डीडीरेस्क्यू हें साधन वापरावें लागलें असतें. तें आधीं धडधाकट भाग भराभर उतरून घेतें आणि मग दुखऱ्या जागांकडे पुनःपुन्हां वळतें.

यानंतर विंडोज पुरती बंद केली. हें 'पुरती' महत्त्वाचें आहे. विंडोज १० ला पुन्हां लवकर जागें होतां यावें म्हणून ती बंद करतांना अर्धवट निजते, आणि अशा अर्ध्या झोपेंतील डिस्कची नकल घेण्यास क्लोनझिला कुरकुरतें. शिफ्टची कळ दाबून धरून बंद केली म्हणजे ती खरोखर निजते. मग जुनी डिस्क काढून नव्या यंत्रांत तात्पुरती जोडली आणि क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलें. येथें एकच जागा धोक्याची. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हें तें विचारतें. नांवें मोठीं चमत्कारिक असतात. उत्तर उलटें दिलें तर कोऱ्या डिस्कची नकल भरलेल्या डिस्कवर होऊन अकरा वर्षांचें काम अर्ध्या मिनिटांत पुसलें जाईल. तें साधन दोनदां खात्री करून घेतें. आम्ही दोघांनीं दोनदांही डिस्कची कंपनी व आकार मोठ्यानें वाचून मगच होय म्हटलें. डिस्कचा भरलेला भागच तें उतरतें, त्यामुळें १७० गिगाबाइटांस पाऊण तास पुरला. यूएसबीच्या जुन्या वेष्टनांतून हेंच काम केल्यास दोन तास कोठेंच जात नाहींत.

नकल होतांच जुनी डिस्क काढून बाजूस ठेवली. दोन्ही एकाच वेळीं जोडलेल्या ठेवून यंत्र सुरू करूं नये; दोघींची ओळखखूण तीच असल्यामुळें विंडोजचा घोटाळा होतो व ती एकीस बाहेर ठेवते. मग दाराची चौकट बदलण्याचें काम. विंडोज १० मध्यें २०१७ पासून यासाठीं एक साधन आहे. तें एमबीआरची रचना, आंतील मजकुरास धक्का न लावतां, जीपीटी करतें आणि जागें करणाऱ्या फाइलींचा नवा विभागही पाडतें. तें आम्ही विंडोजच्या पेनड्राइव्हवरून नव्या डिस्कवर चालविलें. त्याची अट अशी कीं मुख्य विभाग तीनांहून अधिक नसावेत आणि विस्तारित विभाग तर मुळींच नसावा. आपल्याकडील कारागिरांस पूर्वीं एका डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून देण्याचा फार षोक होता. ज्यांच्या डिस्क अशा असतील त्यांनीं डी व पुढच्या विभागांतील मजकूर आधीं बाहेर काढून ते विभाग नकलेवरून काढून टाकावेत. सुदैवानें बंधूंनीं डिस्क तीन विभागांपलीकडे जाऊं दिली नव्हती.

यंत्र सुरू केलें. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळीं या क्षणीं बहुधा निळा पडदा येई. कारण डिस्कशीं बोलण्याची भाषा ज्या ड्रायव्हरास येते तो नव्या मदरबोर्डाचा नसला, तर प्रणाली स्वतः ज्या डिस्कवर उभी आहे तीच तिला दिसेनाशी होते. आतांची विंडोज या बाबतींत पुष्कळ सोशिक झाली आहे. तरीही इंटेलच्या अलीकडील यंत्रांत व्हीएमडी नांवाची डिस्कव्यवस्था चालू असेल तर हाच निळा पडदा आजही दिसतो. ती व्यवस्था यंत्राच्या मूळ सेटिंगांत तात्पुरती बंद करावी किंवा तिचा ड्रायव्हर आधींच बसवून घ्यावा. आमच्या पडद्यावर उपकरणें तयार होत असल्याचा संदेश आला, टक्के चढत गेले, यंत्र आपणहून दोनदां बंद होऊन सुरू झालें, आणि मग बंधूंनीं लावलेलें वेळणेश्वराच्या समुद्राचें चित्र समोर आलें. अक्षरें प्रचंड मोठीं दिसत होतीं आणि इंटरनेट चालत नव्हतें. दोहोंचे ड्रायव्हर पुतण्यानें पेनड्राइव्हवर आणून ठेवलेले असल्यामुळें तेंही मार्गीं लागलें. इंटरनेटचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवूं म्हणणारे लोक भेटतात, त्यांस काय म्हणावें!

वहिनी पुढें झाल्या. त्यांनीं खुर्ची सरकवून घेतली, डाव्या कोपऱ्यांतील चित्रावर टिचकी मारली, मग दुसरी, आणि कुलवृत्तान्ताचें नागपूर शाखेचें पान मराठींत उघडलें. डोंगल खोंचलेली होतीच. "हं," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसून आदल्या आठवड्यांतल्या एका बारशाची राहिलेली ओळ लिहूं लागल्या.

द्वारपालांविषयीं अजून सांगावयाचें आहे. पहिला द्वारपाल परवान्याचा. यंत्राबरोबर आलेली विंडोज कायद्यानें त्याच यंत्रापुरती असते. ती दुसऱ्यावर नेतां येत नाहीं. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना मात्र एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर लावतां येतो. बंधूंनीं विंडोज १० चा परवाना स्वतंत्र घेतलेला होता, म्हणून तो लागला, आणि त्याच आधारावर दुसऱ्या दिवशीं तिची विंडोज ११ ही करतां आली. नव्या लॅपटॉपांच्या पोटांत त्यांचा स्वतःचा परवाना बहुधा असतोच, पण तो एका विशिष्ट आवृत्तीचा असतो. होम आवृत्तीच्या लॅपटॉपांत प्रो आवृत्ति आणून बसविली तर तो परवाना तिला लागू पडत नाहीं.

दुसरा द्वारपाल अधिक कठोर. बिटलॉकर किंवा त्याचीच साधी आवृत्ति अशी, कीं जी सबंध डिस्क कुलुपांत ठेवते आणि किल्ली टीपीएमच्या स्वाधीन करते. टीपीएम मदरबोर्डाचें अंग असल्यामुळें डिस्क दुसऱ्या यंत्रांत गेली कीं किल्ली मागें राहते, आणि पडद्यावर ४८ अंकी संख्येची मागणी होते. अनेक नव्या लॅपटॉपांत हें कुलूप मालकास न विचारतांच लागलेलें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं. आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरबाईंचा लॅपटॉप पावसांत भिजून मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्यानें डिस्क शाबूत आहे म्हणून सांगितलें, आणि तें खरेंही होतें. पण तो ४८ अंकी आंकडा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत होता तें खातें मुलानें महाविद्यालयांत असतांना केव्हां तरी उघडलेलें आणि त्याचा पासवर्ड कोणासच आठवेना. दोन महिन्यांनीं एका जुन्या वहींत तो सांपडला. सांपडला नसता तर ती धडधाकट डिस्क आणि एक दगड यांत भेद नव्हता. तेव्हां यंत्र नीट चालत असतांनाच, आज, तो आंकडा शोधून कागदावर लिहून लग्नपत्रिका व विम्याचे कागद ठेवतों तेथें ठेवावा; आणि यंत्र हलविण्यापूर्वीं कुलूप काढून मग हलवावें. टीपीएमशीं जखडलेला पिनही नव्या यंत्रांत चालत नाहीं, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. रोज चार अंक दाबून आंत जाणाऱ्यांस तो बहुधा विसरलेला असतो.

लिनक्स वापरणाऱ्यांस यांपैकीं पुष्कळ कटकटी नाहींत. तिचे बहुतेक ड्रायव्हर मूळ प्रणालींतच असतात, परवान्याचा प्रश्न नाहीं, आणि विभाग त्यांच्या कायमच्या ओळखक्रमांकानें शोधले जातात; जागें करणारी फाइल ठिकाणावर आणली म्हणजे बहुधा काम झालें. ॲपलच्या यंत्रांची तऱ्हा निराळी. २०२० च्या अखेरीपासून त्या कंपनीनें इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे घालण्यास आरंभ केला, आणि इंटेलच्या भाषेंतील प्रणाली त्यांवर जशीच्या तशी चालत नाहीं. तेथें बिऱ्हाड हलविण्याची सोय कंपनीनेंच उत्तम करून ठेवली आहे. एआरएम जातीच्या प्रोसेसरांचे विंडोज लॅपटॉपही आतां बाजारांत आहेत. जुनी विंडोज उचलून त्यांत घालण्याचा विचार कोणी करूं नये. मनुष्याचा जीव झाडांत घालण्यापैकीं तें आहे.

येवढा खटाटोप प्रत्येकानें करावा असें आमचें मत नाहीं. ज्याच्या संगणकांत छायाचित्रें, बँकेचे कागद आणि पत्रव्यवहार येवढेंच आहे, त्यानें बिऱ्हाड हलवावें आणि नवी, स्वच्छ प्रणाली वापरावी. दहा वर्षांचा केरकचरा नव्या घरांत कशास न्यावयाचा? जेथें पुन्हां बसवितां न येणारा एखादा प्रोग्रॅम आहे, किंवा पडद्याची ओळखीची मांडणी हीच वापरणाऱ्याची वाट आहे, तेथेंच घर हलविण्यांत अर्थ आहे. आणखी एक तिसरा मार्गही आहे. जुन्या प्रणालीची नकल नव्या यंत्रांत एका फाइलींत ठेवून, व्हर्च्युअल बॉक्ससारख्या फुकट प्रोग्रॅमच्या आंत ती चालवितां येते. वाड्यांत वाडा असावा तसें. जुन्या फाँटांच्या कामास तो पुरेसा होतो. डोंगल आंतल्या घरास दिसेल अशी व्यवस्था मात्र करून द्यावी लागते.

आमच्या कुलवृत्तान्ताच्या बाबतींत घर हलविल्यानें पुतण्यास वेळ मिळाला, इतकेंच. तो प्रोग्रॅम विंडोजच्या पुढच्या एखाद्या आवृत्तींत चालणार नाहीं, किंवा ती बोटाएवढी डोंगल एके दिवशीं निकामी होईल. म्हणून आतां दर रविवारीं एकेका शाखेचीं पानें यूनिकोडमध्यें आणण्याचें काम चाललें आहे. तें आपोआप करणारीं साधनें आहेत, पण रफार आणि जोडाक्षरें यांत तीं हटकून चुकतात; तीं पानें मीं वाचून दुरुस्त करतों, आणि नांवांविषयीं शंका आली कीं वहिनींना विचारतों. आजवर रत्नागिरी आणि बडोदें ह्या शाखा झाल्या आहेत.

जुनी डिस्क अजून आहे. ती कोरड्या कागदांत गुंडाळून, वर तारीख घालून, वहिनींच्या कपाटांत ठेवलेली आहे. वर्षाच्या कामांत वर्षांतून एकदांच लागणारी एखादी फाइल असते. ती आली कीं नाहीं हें त्या दिवसावांचून कळत नाहीं, म्हणून निदान एक वर्षभर तरी जुन्या डिस्कला हात लावूं नये. त्यानंतर ती कोणास द्यावयाची किंवा मोडींत घालावयाची तर तिच्यावर शून्यें लिहून ती पूर्ण पुसून घ्यावी. नुसती डिलीट केलेली फाइल सहज परत काढतां येते, आणि घराण्यांतील सर्वांच्या जन्मतारखा व पत्ते भंगारवाल्याच्या हातीं जाणें बरें नव्हे. बाकीचें यंत्र ई-कचऱ्याच्या नोंदलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावें; त्याविषयींचे केंद्र सरकारचे नवे नियम ता. १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आमच्या जुन्या यंत्राचा कीबोर्ड मात्र वहिनींनीं दिला नाहीं. त्यावरचीं अक्षरें झिजून गेलीं आहेत. तरी तो नव्या यंत्रास जोडून त्या त्याच्यावरच लिहितात.